मागूर-शिंगीतले परजीवी कसे शोधावेत : गोव्यातल्या नवख्यांसाठी

मागूर साफ करताना आतड्यातून पांढरा जंत बाहेर आला की बहुतेक घरांत दोनांपैकी एक गोष्ट घडते. एक तर अख्खा मासा टाकला जातो, नाहीतर आतडी गुपचूप कचऱ्यात जातात आणि विषय तिथेच संपतो. दोन्हींत एक चांगली संधी वाया जाते. त्या जंताला तिथवर पोहोचायला तळ्याच्या गाळातला एखादा बारीक किडा लागतो, तो किडा गिळणारा मासा लागतो, आणि काही जंतांना तर त्या माशावर टपलेला बगळाही लागतो. त्या पाण्यात कोण कोणाला खाते, याची नोंद माशाच्या पोटात असते. ती वाचायला ताजा मासा, भिंग, मिठाचे पाणी आणि धीर एवढे पुरते. सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तमच.

हे लिहिले आहे ते प्राणिशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी, शाळेतल्या विज्ञान शिक्षकांसाठी आणि गोड्या पाण्यातले नुस्ते (मासे) आवडीने खाणाऱ्यांसाठी. सगळ्या पायऱ्यांत माझा आग्रह एकच राहील: परजीवी सापडला की तो नेमका कुठे बसला होता ते आधी लिहा, मग त्याला चिमटा लावा. नाव नंतर सावकाश शोधता येते. जागा एकदा हुकली की पुन्हा सांगता येत नाही.

मासा कुठला आणि केव्हा

1 जून ते 31 जुलै अशी समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत गोड्या पाण्यातल्या नुस्त्याला मागणी वाढते. पहिल्या जोरदार पावसात मासे ओहोळांतून शेतांत चढतात, आणि चढणीचे मासे पकडायला गावेच्या गावे बाहेर पडतात. अभ्यासासाठी मात्र त्या वेळी मासे मारू नका. त्यांच्या पोटात अंडी असतात, आणि भारतीय मागूर (क्लॅरिअस मागूर) आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. चतुर्थीनंतर पाणी निवळते आणि मासे भरपेट खाऊन असतात. सुरुवातीला तोच काळ चांगला.

माझे मत स्पष्ट आहे: नवख्याने केवळ परजीवी पाहण्यासाठी मासा मारूच नये. जो मासा कुणाच्या तरी जेवणात जाणारच आहे, त्याचे कल्ले आणि आतडी मागून घ्यावीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, फोंड्याला, डिचोलीला किंवा गावात पागेर (फेकजाळे) टाकणाऱ्या ओळखीच्या माणसाला आदल्या दिवशी सांगून ठेवले तर तो आनंदाने देतो. मासा कुठल्या पाण्यातला, हे त्याला तिथेच विचारा. कुडतरीच्या तळ्यातला, खांडेपार नदीतला की कुठल्या खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या) मानशीजवळचा, म्हणजे पाण्याच्या दाराजवळचा? याचे उत्तर मिळाले नाही तर तो मासा सरावापुरता वापरा, नोंदीत घेऊ नका. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर यांसारख्या अभयारण्यांच्या हद्दीतून काहीही उचलायचे असेल तर वन खात्याची लेखी परवानगी लागते. तिथे ‘दोनच मासे हो’ ही सबब चालत नाही.

मासा ताजा हवा, शक्यतो जिवंत. मासा मेला की कातडीवरचे आणि कल्ल्यांवरचे एकपेशीय परजीवी तास-दोन तासांत दिसेनासे होतात, आणि आतड्यातले काही कृमी भिंत सोडून भलतीकडे सरकतात. मागूर आणि शिंगी हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे ओल्या पोत्यात ते बराच वेळ जगतात. याचाच अर्थ, न मारता त्यांना तसेच तडफडत ठेवणे क्रूरपणाचे आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला जोराचा एकच घाव घालून मासा मारणे हे नुस्तेवाल्या बाईला किंवा दादाला तुमच्यापेक्षा शंभरपट चांगले जमते. ते काम त्यांच्याकडूनच करून घ्या.

आधी मासा ओळखा

परजीवीची निम्मी ओळख यजमान माशात, म्हणजे तो ज्याच्यावर जगतो त्या माशात असते, म्हणून इथे घाई नको. मिशा मोजा आणि पाठीवरचा पर पाहा. मागुराला मिशांच्या चार जोड्या असतात आणि पाठीचा पर डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत जातो. शिंगीलाही मिशांच्या चार जोड्या, पण पाठीचा पर अगदी आखूड आणि पोटाखालचा पर लांबलचक. शिंगटी म्हणजे मिस्टस गटातले मासे. त्यांना पाठीच्या परामागे एक मांसल, काट्याविना असलेला दुसरा पर असतो. ऑम्पोक गटातले मासे आणि देशावरच्या नद्यांतला मोठ्या जबड्याचा शिवडा (वॅलागो अट्टू) यांना मिशांच्या दोनच जोड्या. गावागणिक नावे बदलतात, ‘थिगूर’ या एकाच नावाने दोन वाड्यांवर दोन वेगळे मासे ओळखले जाऊ शकतात. म्हणून स्थानिक नाव लिहाच, पण सोबत मोजपट्टी ठेवून डोक्याचा वरून, अख्ख्या माशाचा बाजूने आणि पोटाचा असे तीन फोटो काढा.

जुन्या पुस्तकांत भारतातल्या मागुराला सरसकट क्लॅरिअस बॅट्रॅकस म्हटलेले आढळेल. ते नाव आता आग्नेय आशियातल्या जातीसाठी राखले आहे. आपल्याकडे क्लॅरिअस मागूर, आणि पश्चिम घाटाच्या पट्ट्यात क्लॅरिअस ड्युसुमिएरी ही जात. नवख्याला यातला फरक जमेलच असे नाही, म्हणून नोंदीत ‘क्लॅरिअस, जात निश्चित नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे आणि फोटो जोडावा. आफ्रिकी मागूर पाळायला भारतात बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरात सुटतो. खूपच मोठा मागूर हाती आला तर तो त्यातला असू शकतो. बाहेरून आलेला मासा स्वतःचे परजीवीही सोबत आणू शकतो, तेव्हा तशी शंका नोंदवून ठेवणे फार मोलाचे आहे.

काट्याबद्दल आधीच सांगतो. शिंगीच्या छातीच्या परांतला काटा विषारी असतो, मागूर आणि शिंगटीचाही जोरात लागतो. काटे पक्कडीने मोडून मगच काम सुरू करा. लागलाच तर जखम धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश सेल्सिअसच्या आसपास, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा. त्या उष्णतेने वेदना कमी होते. काटा आत तुटला किंवा सूज वाढली तर डॉक्टरकडे जा. पावसाळ्यात शेतातल्या पाण्यात उतरणार असाल तर पायावरच्या जखमा झाका, कारण लेप्टोस्पायरोसिसची भीती त्याच पाण्यात असते.

हाताशी काय ठेवावे

स्वयंपाकघरापासून दूर एक टेबल. एक टोकदार आणि एक बोथट टोकाची कात्री, दोन बारीक चिमटे, शिवणकामाच्या सुया, बारीक रंगाचा ब्रश, काचेच्या बशा, काचपट्ट्या, ड्रॉपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, काळा आणि पांढरा असे दोन कागद. पांढरे कृमी काळ्यावर दिसतात, लाल-तपकिरी पांढऱ्यावर. हातमोजे घाला.

मिठाचे पाणी बनवणे सोपे आहे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सात ग्रॅम खडेमीठ. नुसत्या पाण्यात टाकले तर नाजूक कृमी फुगतात आणि फुटतात, नवख्यांचे बहुतेक नमुने तिथेच वाया जातात. साठवायला औषधाच्या दुकानातले सत्तर टक्क्यांचे अल्कोहोल चालते. फेणी चालेल का, असे गोव्यात हमखास विचारतात. फेणीत अल्कोहोल साधारण 42 टक्के असते, ते कमी पडते. फॉर्मेलिन घरी आणू नका. 2018 च्या जुलैमध्ये परराज्यातून येणाऱ्या माशांतल्या फॉर्मेलिनवरून गोव्यात केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेलच. त्याची वाफ घातक आहे आणि त्याचा वापर कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात व्हावा.

पहिली पायरी : कातडी

मागुराला राख किंवा मीठ चोळून बुळबुळीतपणा काढायची आपल्याकडची पद्धत आहे. तपासणीआधी ती करू द्यायची नाही. त्या चिकट थरातच पहिले परजीवी असतात. काचपट्टीची कड माशाच्या अंगावरून हलकेच डोक्याकडून शेपटीकडे ओढा, आलेला चिकटा दुसऱ्या पट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात पसरा, वर पातळ काच ठेवा आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. स्वतःभोवती गरगर फिरणारी, आत दातेरी कडे असलेली गोल बशी दिसली तर ती ट्रायकोडिना. सावकाश लोळणारा मोठा गोल जीव, ज्याच्या आत घोड्याच्या नालाच्या आकाराचे केंद्रक आहे, तो इक्थिऑफ्थिरिअस, म्हणजे मत्स्यपालक ज्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणतात त्याचे कारण. खुल्या पाण्यातल्या माशावर हे थोडेफार असतातच. रोग म्हणायला त्यांची गर्दी लागते, आणि ती बहुधा आटत्या डबक्यात किंवा दाटीच्या टाकीत होते.

परांच्या बुडाशी, मिशांच्या मुळाशी आणि तोंडाच्या आत नुसत्या डोळ्यांनी पाहा. चपटा, पारदर्शक, इकडून तिकडे सरकणारा माशांचा ऊ म्हणजे आर्ग्युलस. कातडीतून धाग्यासारखे काही बाहेर लोंबत असेल आणि बुडाशी लाल जखम असेल तर ती लर्निया. तिचे डोके मांसात नांगरासारखे रुतलेले असते. ओढून काढली तर डोके आत राहते, आणि ओळख डोक्यावरूनच होते. म्हणून आजूबाजूच्या मांसाच्या तुकड्यासकट कापून घ्या. जळवाही दिसतील. त्यांना क्षुल्लक समजू नका, कारण माशांच्या रक्तातले ट्रिपॅनोसोम हे एकपेशीय जीव जळवाच एका माशातून दुसऱ्यात नेतात.

दुसरी पायरी : कल्ले

कल्ल्याचे झाकण कापून काढा आणि दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांच्या कमानी वेगवेगळ्या बशांत ठेवा. बशीवर ‘डावा 1’, ‘डावा 2’ असे लिहा. हे अतिरेकी वाटेल, पण काही कृमी ठराविक कमानीवरच राहतात आणि ते कळायला दुसरा मार्ग नाही. मिठाच्या पाण्यात सुईने कल्ल्याचे तंतू विंचरल्यासारखे वेगळे करा. अर्धा मिलिमीटरचे, अळीसारखे आखडत-पसरत चालणारे पारदर्शक जीव दिसतील. हे मोनोजेनिया गटातले चपटे कृमी. मागच्या टोकाला आकड्यांचा संच असतो, त्याने ते कल्ल्याला धरून राहतात. त्यांचे आयुष्य एकाच यजमानावर जाते, म्हणून कुठल्या माशावर कुठली प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) हे नाते फार घट्ट असते. मागुराच्या कल्ल्यांवर क्वाड्रिअकँथस आणि बिचोव्हस्कीएला, शिंगटीच्या कल्ल्यांवर बायफरकोहॅप्टर आणि कॉर्नुडिस्कॉइडिस, शिवडा-ऑम्पोकवर थापारोक्लायडस, असे साधारण वाटप आहे. म्हणूनच आधी मासा नीट ओळखा असे म्हटले.

तंतूंवर पांढरे, मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक दाणे दिसले आणि ते अजिबात हलले नाहीत, तर एक दाणा काचपट्टीवर फोडा. हजारो अंडाकृती बीजाणू बाहेर आले, प्रत्येकाच्या एका टोकाला दोन छोट्या पिशव्या असतील, तर तो मिक्सोबोलस. शेपटीला दुभंगलेले लांब टोक असेल तर हेन्नेगुया. हे मिक्सोझोआ, आणि त्यांचे जवळचे नातेवाईक आहेत समुद्रातले जेलीफिश. आज ते इतके साधे झाले आहेत की शंभर वर्षे त्यांना एकपेशीय समजले गेले. त्यांतल्या ज्यांचे पूर्ण चक्र उलगडले आहे, त्यांचा मधला टप्पा बहुतेक वेळा गाळातल्या गांडुळासारख्या बारीक कृमींत जातो. 1984 साली ट्यूबिफेक्स कृमीबाबत हे प्रथम सिद्ध झाले.

मागुराच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत झाडाच्या फांद्यांसारखा श्वसनाचा अवयव असतो, शिंगीत त्याऐवजी शेपटीच्या दिशेने जाणाऱ्या दोन लांब हवेच्या पिशव्या. नवखे हे भाग हमखास विसरतात. तेही उघडून धुऊन पाहा.

तिसरी पायरी : पोट उघडणे

बोथट टोकाची कात्री गुदद्वारापासून पुढे, कातडीला समांतर ठेवून चालवा. टोक खाली दाबले तर आतडे फाटते आणि आतड्यातले कृमी पोकळीत येतात. मग जागेची नोंद खोटी ठरते. पोट उघडल्यावर काहीही बाहेर ओढण्याआधी नुसते पाहा आणि फोटो काढा.

आतड्याच्या पडद्यावर किंवा यकृतावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घातलेले, पांढुरके गोलकृमी दिसले तर ते बहुधा कॉन्ट्रासीकम किंवा त्याच्या कुळातल्या अळ्या. त्यांचे प्रौढ रूप पाणकावळ्यांसारख्या मासेखाऊ पक्ष्यांच्या पोटात वाढते. गडद लाल, बोटभर लांब, गुंडाळलेला कृमी असेल तर युस्ट्राँगिलायडीसचा विचार करा. त्याचाही शेवटचा यजमान बगळ्यांच्या जातीतला. यकृताच्या कडेला, कल्ल्याच्या झाकणाखाली किंवा मांसात पिवळसर, दोन-तीन मिलिमीटरची गोळी मिळाली तर ती सुईने हलकेच फोडा. आतून चपटा, जाडसर, पुढच्या टोकाला कॉलरसारखी कड असलेला कृमी वळवळत बाहेर येईल. हा क्लिनोस्टोमम. याची कथा मला सगळ्यात सुंदर वाटते. त्याचे प्रौढ रूप बगळ्याच्या घशात राहते. बगळा मासा टिपायला चोच पाण्यात घालतो तेव्हा अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेले पिल्लू गोगलगाईत शिरते, तिथून माशात येते, आणि तो मासा बगळ्याने गिळला की घशाशी परत पोहोचते. ज्या तळ्यात हा सापडतो तिथे बगळा, गोगलगाय आणि मासा तिन्ही नीट नांदत आहेत असे समजायला हरकत नाही. करमळीच्या तळ्यासारख्या पक्ष्यांनी गजबजलेल्या जागी तो शोधण्यासारखा आहे.

वाताशय, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी, वेगळा काढून फोडा. शिवड्याच्या वाताशयात कित्येक सेंटिमीटर लांब, मांसल, रक्ताच्या रंगाचे पानासारखे कृमी मिळू शकतात. त्यांचे नाव आयसोपारॉर्किस हिप्सेलोबॅग्री. त्यांची पिल्ले इतर माशांच्या मांसात शिरतात आणि तिथे शाई सांडल्यासारखे काळे डाग पडतात. मागूर-शिंगीत मात्र वाताशय अगदी लहान आणि हाडाच्या कवचात बंद असतो, तिथे हा शोध व्यर्थ.

चौथी पायरी : आतडे

बहुतेक वेळ इथे द्या. आतडे पोटाकडचा, मधला आणि मागचा अशा तीन भागांत कापा, प्रत्येक भाग वेगळ्या बशीत मिठाच्या पाण्यात ठेवा आणि लांबीच्या दिशेने उघडा. चाकूने खरवडू नका. दहा मिनिटे थांबा. जिवंत कृमी आपणहून हलू लागतात आणि दिसू लागतात.

मागुरात सर्वांत ठळकपणे भेटतात ते पांढरे, सपाट, एक-दोन सेंटिमीटरचे, खंड नसलेले पट्टकृमी. पट्टकृमी म्हटले की मनात साखळी येते, पण या गटात, म्हणजे कॅरिओफिलिडीअन्समध्ये, अख्ख्या कृमीत प्रजनन अवयवांचा एकच संच असतो. लायटोसेस्टस इंडिकस हा त्यांतला आपल्या घरचा म्हणावा असा: मागुरातून त्याचे वर्णन मोघे यांनी 1925 साली केले. दुसरा, जोंबँगिया पेनेट्रन्स, डोके आतड्याच्या भिंतीत घुसवून बसतो आणि बाहेरून तिथे गाठ दिसते. अशी गाठ दिसली तर कृमी ओढू नका, भिंतीसकट कापून ठेवा. हे सगळे गाळातल्या बारीक कृमींमार्फत माशात येतात. म्हणून ज्या मागुराच्या पोटात असे पट्टकृमी भरपूर, तो तळाचा गाळ उकरून खाणारा, हे त्याच्या तोंडाकडे न पाहताही सांगता येते. शिवड्यातले गँगेसिया मात्र खरे साखळीवाले, आणि ते पाण्यात तरंगणाऱ्या सायक्लॉप्ससारख्या जीवांतून येतात.

केसासारखा लालसर गोलकृमी, तोंडाशी नारिंगी-तपकिरी कडक पेला असलेला, हा प्रोकॅमॅलॅनस. तो रक्त पितो, म्हणून लाल. मादी काचपट्टीवर ठेवून हलके दाबली की अंड्यांऐवजी शेकडो जिवंत पिल्ले वळवळत बाहेर पडतात. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी यापेक्षा चांगले दृश्य मला माहीत नाही. सोंडेवर आकड्यांच्या रांगा असलेला पांढरा कृमी मिळाला तर तो काटेरी डोक्याच्या गटातला. त्याला थोडा वेळ गार साध्या पाण्यात ठेवा, सोंड बाहेर येते आणि मग आकडे मोजता येतात. बारीक पानासारखे, दोन चूषक असलेले कृमी आतड्याच्या पुढच्या भागात मिळाले तर ओरिएंटोक्रीडिअम पडताळून पाहा.

मांस आणि डोळे पटकन उरका. मांसाच्या पातळ चकत्या दोन काचांत दाबून उजेडासमोर धरा, डोळ्याचे भिंग वेगळे काढून मिठाच्या पाण्यात पाहा.

पाचवी पायरी : जपणे आणि लिहिणे

कृमी जिवंत असताना मोजा, फोटो काढा, मिठाच्या पाण्यात दोनदा ब्रशने धुवा. थेट थंड अल्कोहोलमध्ये टाकला तर तो आकसतो आणि आतले अवयव कधीच नीट दिसत नाहीत. गोलकृमी वाफाळत्या गरम अल्कोहोलमध्ये टाकायचे. अल्कोहोल आचेवर कधीही ठेवू नका, बाटली गरम पाण्यात धरून तापवा. चपटे कृमी आणि पट्टकृमी बशीत थोड्या पाण्यात पसरवून त्यांवर जवळजवळ उकळते मिठाचे पाणी ओता, ते पसरलेल्या अवस्थेतच स्थिर होतात, मग अल्कोहोलमध्ये हलवा. एखादा कृमी डीएनएसाठी न तापवता वेगळ्या कुपीत, 96 टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका, बाहेरची शाई अल्कोहोलने पुसली जाते. चिठ्ठीवर माशाचा क्रमांक, जागा, तारीख आणि अवयव. वहीत याशिवाय माशाची लांबी, वजन, लिंग, पाण्याचा प्रकार आणि महत्त्वाचे म्हणजे ज्या माशात काहीच मिळाले नाही त्याचीही पूर्ण नोंद. रिकामे मासे गाळले की सगळे गणित बिघडते.

गणित असे. समजा 20 मागूर पाहिले, 8 जणांत मिळून 40 पट्टकृमी निघाले. प्रादुर्भाव 40 टक्के. बाधित माशामागे सरासरी 5, याला तीव्रता म्हणतात. सगळ्या माशांमागे सरासरी 2, याला विपुलता. हे तिन्ही आकडे वेगवेगळे द्या. कृमी कधीच समान वाटलेले नसतात. बहुतेक माशांत शून्य किंवा एक-दोन, आणि एखाद्याच माशात ढीग. म्हणून प्रत्येक माशाचा आकडा वहीत राहू द्या.

नाव देण्याबद्दल

इथे हात आखडता घ्या. मागुरातल्या कॅरिओफिलिडीअन पट्टकृमींचा आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दक्षिण आणि आग्नेय आशियातून वर्णन झालेल्या 59 जातींपैकी अवघ्या 8 ग्राह्य ठरल्या. बाकीच्यांतल्या कितीतरी भारतातूनच वर्णन केलेल्या होत्या. आकसलेले, कुजलेले, दाबून चपटे केलेले नमुने आणि अपुरी चित्रे यांवर नवी नावे बेतली की असे होते. तुम्ही प्रजातीपर्यंत (जीनसपर्यंत) पोहोचलात तरी पुष्कळ झाले. ‘लायटोसेस्टससारखा, मागचे आतडे, करमळी’ ही नोंद चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी उपयोगी असते.

आणि खाण्याचे काय

आपल्या रांधण्यात भीतीचे कारण फारसे नाही. हुमण असो, आंबट-तिखट असो की रवा लावून तळलेला तुकडा, मासा आतपर्यंत शिजलेला असतो आणि 63 अंश सेल्सिअसच्या वर गेलेला कृमी मरतो. आतड्यातले पट्टकृमी किंवा कल्ल्यांवरचे मोनोजेनिया तर माणसात राहूच शकत नाहीत. जपायचे ते मांसातल्या अळ्यांना, आणि त्यांत पहिला नंबर ग्नॅथोस्टोमा या गोलकृमीचा. 1836 साली इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचे वर्णन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या वाघाच्या जठरातून केले होते. मांजर आणि कुत्रा हे त्याचे नेहमीचे यजमान. विष्ठेतली अंडी पाण्यात जातात, सायक्लॉप्समधून माशात अळी येते. माणसाने अर्धाकच्चा मासा खाल्ला तर ती अळी प्रौढ होत नाही, पण कातडीखाली फिरते, सूज जागा बदलत राहते, आणि क्वचित डोळ्यात किंवा मेंदूत जाते. लिंबू, कोकम, व्हिनेगर किंवा मीठ लावून ठेवल्याने ती मरेल यावर विसंबू नका. गोठवायचे तर उणे 20 अंशांवर सात दिवस, आणि घरातल्या साध्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तितका थंड असेलच असे नाही.

यातून घरच्यासाठी तीन गोष्टी निघतात. गोड्या पाण्यातला मासा कापलेली विळी आणि पाट कोशिंबिरीसाठी वापरण्याआधी साबणाने आणि गरम पाण्याने धुवायचे. भाजताना जाड तुकड्याचा मध्य पाहायचा, काट्याजवळ मांस पारदर्शक दिसत असेल तर अजून थांबायचे. आणि आतडी, कल्ले, कच्चे तुकडे अंगणातल्या मांजराला किंवा कुत्र्याला घालायचे नाहीत. नेमक्या त्याच सवयीने ग्नॅथोस्टोमाचे चक्र गावात चालू राहू शकते. उकळून घाला, किंवा खोल पुरा. मासा खाल्ल्यानंतर फिरती सूज आली तर डॉक्टरांना काय आणि कसे शिजवलेले खाल्ले होते तेही सांगा.

दहा-पंधरा माशांची नीट वही तयार झाली की नमुने घेऊन जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाकडे जा. ताळगावच्या गोवा विद्यापीठात आणि जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत मासे आणि मत्स्यपालनावर काम करणारी माणसे आहेत. जाण्याआधी पत्र किंवा ईमेल पाठवा, त्यात माशाचे फोटो, कृमीचा जिवंतपणीचा फोटो आणि अवयवाची नोंद जोडा. कुप्या काठोकाठ भरा, झाकणावर चिकटपट्टी लावा, उभ्या ठेवून न्या, आणि प्रत्येक प्रकारातला निदान एक नमुना घरी शिल्लक ठेवा.